नंदाबाईची पंधरा मिनिटं

पैज लावली ती आमच्या शेजारणीनं, लाडबाईनं. तीबी भर गल्लीत.

"रखमाजीभाऊ, तुमची नंदाबाई सात दिवस, सकाळी सहा ते सव्वासहा, ओट्यावर डोळे मिटून बसून दाखवंल. मधी उठली तर आमचे शेठ डोक्यावर हंडा घेऊन बायांच्या लायनीत उभे राहतील."

शेठ म्हणजे तिचा नवरा लालचंद. नवीन जालन्यात बियाण्याचं दुकान. तो तोंडात ब्रश घालून उभा होता. त्याला कोणी इचारलं न्हाई.

"आन् न्हाई उठली तर?"

"तर रविवारी तुम्ही त्याच ओट्यावर पंधरा मिनिटं बसायचं. डोळे बंद, तोंड बंद. ज्याला तुम्हाला जे सुनवायचं ते सुनवंल."

गल्लीत मी ज्याची मस्करी केली न्हाई असा माणूस शिल्लक नव्हता. तरी म्हणलं, लागली.

ते सत्त्याण्णव साल. शाळेच्या मैदानावर एका गुरुजीचं योगाचं शिबिर झाल्तं. माझ्या बायकोला, नंदाबाईला, चक्कर येत होती, डॉक्टर म्हणला आराम करा. गुरुजी म्हणला रोज पंधरा मिनिटं शांत बसा. मी म्हणलं, बसायला गुरुजी कशाला पायजे? मी एमआयडीसीचा टेम्पो चालवतो, दिवसभर बसूनच तर राह्यलो.

"तिला बसू देता का तुम्ही?" लाडबाई म्हणली. "अगं टॉवेल, अगं चष्मा. परवा चष्मा तर डोळ्यावरच होता."

ठरलं असं: मी हात लावायचा न्हाई, हाक मारायची न्हाई. बाकी सगळं माफ. माझ्यासारख्याला 'बाकी सगळं' म्हणजे लई झालं.

पहिल्या दिवशी परात पाडली. हलली न्हाई. दुसऱ्या दिवशी दूध उतू जाऊ दिलं. पातेलं मलाच घासावं लागलं, दुपारपर्यंत. तिसऱ्या दिवशी वरडलो, "नळ आला रे". आमच्याकडं नळ आठ दिवसातून एकदा. अख्खी गल्ली हंडे घेऊन पळत आली, लालचंद तर निस्त्या टॉवेलवर. नळ कोरडाठाक. मला ज्या शिव्या बसल्या त्या लिहिता येत न्हाईत. नंदाबाई बसलेली.

चौथ्या दिवशी तिच्या पुढ्यात शेळी आणून बांधली. शेळीनं माझा शर्ट खाल्ला. पाचव्या दिवशी काही केलं न्हाई, फक्त एसटीडीवरून भोकरदनला फोन लावला. तिचा भाऊ धर्मराज. म्हणलं, शनिवारी सकाळी सहाला ये, फटफटी काढून ये. दिवाळीपासून भेटला नव्हता. त्यानं "अक्का" म्हणल्यावर ही बसून राहणं शक्यच नव्हतं.

सहाव्या दिवशी टाईमपास म्हणून तिच्या पायाशी आडवा झालो. "छातीत दुखून राह्यलं," म्हणत कण्हलो. सव्वासहा झाले. ती उठली.

"चहा ठेवू?"

"इथं माणूस मरून राह्यला आन् तुला चहा सुचतो?"

"मरणारा माणूस आधी चटई अंथरत न्हाई."

मंग माझ्याच बाजूला टेकली. म्हणली, "गुरुजी सांगतात श्वासाकडं ध्यान द्या. माझं ध्यान तुमच्याकडंच. आज काय करतील म्हणून चारलाच जाग येती. हसू दाबता दाबता येळ जातो. सहा दिवस झाले, चक्कर न्हाई."

मी चटई गुंडाळली आन् चहा मीच ठेवला. असं क्वचित होतं.

शनिवारी सहा वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यावर फटफटी वाजली. मी चप्पल न घालताच पळालो आन् धर्मराजला टपरीवर बसवलं.

"दाजी, आधी अक्काला भेटतो."

"आधी चहा."

तीन कप पाजले. वरून भजी. साडेसहाला सोडला.

रविवारी मी ओट्यावर बसलो. डोळे मिटले. समोर गल्ली, जशी काही जत्रा. लालचंदनं सुरुवात केली. त्याच्या दुकानाच्या फळीवर मी 'आज उधार मिळेल' लिहिल्तं, ते त्यानं तारखेसकट सांगितलं. मंग एकेक जण आला. द्वारकाबाईनं तर पंच्याऐंशी सालापासून उकरलं.

मंग धर्मराजचा आवाज आला. "मला फोन करून बोलावलं दाजींनीच, आन् कोपऱ्यावर अडवलं बी दाजींनीच. म्हणे, तिची पंधरा मिनिटं होऊ दे."

मी खोटं म्हणून हाणून पाडलं असतं, पण तोंड बंद. कान तेवढे तापले.

तेवढ्यात कोणीतरी म्हणलं, "नळ आला." कोणी हललं न्हाई. सगळ्यांना वाटलं, हा माझाच माणूस पेरलेला. मंग हंड्यात धार पडल्याचा आवाज आला आन् धावपळ उडाली. आमचे हंडे रिकामे. मी एक गुडघा उचलला.

"बसा," नंदाबाई म्हणली. "धर्मराज भरतोय पाणी. तुमची सात मिनिटं राह्यली."

शेजारी लुगडं सळसळलं. तीबी टेकली.

"डोळे मिटा," म्हणली. "मी बघून राह्यले."