मी स्लोला बंद पडायची

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती, तेव्हा मी पहिल्यांदा हातातल्या हातात बंद पडले. वेळ पक्की आठवते, कारण लगेच घरातून मालकाच्या बायकोचा आवाज आला, "सात वीसलाच थांबलात? काही लागलं का हो?"

मी झाडं कापायची मशीन बोलतेय. दुकानात मला चेनसॉ म्हणतात, या घरात नुसतं मशीन. पुढे लांब पट्टी, तिच्याभोवती दातेरी साखळी आणि मागे पेट्रोलचं इंजिन. खटका दाबला की साखळी गरगर फिरते. खटका सोडला की साखळीने जागच्या जागी थांबायचं आणि इंजिनने नुसतं फुरफुरत राहायचं. याला मिस्त्री लोक 'स्लोला चालणं' म्हणतात. माझं दुखणं तिथेच होतं.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही चाळीस जणी एका रांगेत होतो. प्रत्येकीला एकदाच सुरू केलं, बंद केलं आणि खोक्यात घातलं. मला वाटलं, झालं, एवढंच आयुष्य! पण पहिला मालक भेटला तो वखारवाला. त्याने मला राब राब राबवलं, आणि नवी मशीन आल्यावर पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. दोन वर्षं मी तिथे धूळ खात पडले होते.

तिथून मला शिडीने आणलं. शिडी म्हणजे माझा आताचा मालक. उंच, काटकुळा आणि कुठल्याही झाडावर सरसर चढणारा, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणतात. घरावर झुकलेल्या, तारांना टेकलेल्या फांद्या उतरवणं हे त्याचं काम. दोर बांधून तो वर चढतो आणि मी त्याच्या कमरेच्या हुकाला लटकते, अगदी मांडीपाशी. एका फांदीवरून दुसरीवर जाताना तो मला बंद करत नाही, कारण वर लोंबकळत पुन्हा दोरी ओढून सुरू करणं महाकठीण. साखळी अडवायला मला ब्रेकचा दांडा आहे, पण घाईत तो लावायचा राहून जातो.

घरात त्याची बायको आणि सात महिन्यांची छकुली. बायकोला सगळ्याचीच काळजी. छकुली शिंकली की काळजी, नाही शिंकली तरी काळजी. शिडी तिला चिडवतो, "अगं, तू काळजी करायची थांबलीस तर सूर्य उगवायचा नाही."

"हसा हसा," ती म्हणते. "माझ्या काळजीवरच तुम्ही धड खाली उतरता."

तर त्या सकाळपासून माझं असं झालं, की दहा मिनिटं मी झकास चालायची आणि मग खटका सोडला की घुर्र करून गप्प. शिडी मला मिस्त्रीकडे घेऊन गेला. मिस्त्रीने प्लग बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मिस्त्रीने एअर फिल्टर धुतला, जुनं पेट्रोल काढून ऑइल घातलेलं ताजं भरलं. पुन्हा तेच. मला फार लाज वाटायची. काय होतंय ते मला कळत होतं, पण सांगू कशी? घसा आवळल्यासारखं वाटायचं एवढंच.

तिसऱ्या खेपेला मिस्त्री वैतागला. माझ्या कुशीत एक स्क्रू आहे, त्याने इंजिनाचा स्लोचा वेग कमीजास्त होतो. तो त्याने चांगला दीड फेरा आवळून वेग वाढवला. "घे! आता बंद पडली तर माझं नाव बदल."

आणि खरंच मी बंद पडले नाही. शिडी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शाळेत जायचं होतं. तिथे एक भलीमोठी फांदी वर्गाच्या छपरावर टेकली होती. निघण्याआधी त्याने मागच्या अंगणात मला सुरू केलं आणि ओट्यावर ठेवलं. बायको छकुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"अहो, तुम्ही खटका सोडलाय ना?"

"सोडलाय की."

"मग ती साखळी का फिरतेय?"

शिडीने पाहिलं. वेग वाढल्यामुळे साखळी हळूहळू, पण फिरत होती. "फिरू दे जराशी. बंद पडण्यापेक्षा बरी."

"जराशी? अहो, मांडीला लागून असते ती! पाय सटकला, वाकलात, की झालं."

"मी काय आज पहिल्यांदा चढतोय का झाडावर?"

"मशीन आज बिघडलीय."

"बिघडली कुठे? नीट झालीय!"

शिडीच्या दोराचं वेटोळं भिंतीशी पडलं होतं, ती सरळ त्याच्यावर जाऊन बसली. छकुली मांडीवर. "हा दोर मी देत नाही. काय करायचं ते करा."

"अगं ऊठ! शाळा भरायच्या आत जायचंय मला. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लोक जखमेला पट्टी बांधायला येणार नाहीत."

शिडीने मला बंद केलं. आई-बाप भांडतायत हे पाहून छकुलीने भोकाड पसरलं. आईने तिच्या तोंडात दुधाची बाटली दिली. ती चोखायला लागली, पण चार घोट झाल्यावर पुन्हा रडली. प्लॅस्टिकची बाटली पोटात चेपली गेली होती आणि दूध येत नव्हतं. आईने सवयीने झाकण जरा सैल केलं. बाटलीत बुडबुडे चढले, छकुली घटाघट प्यायला लागली.

आई बाटलीकडे बघतच राहिली.

"अहो, ही बंद पडली की तुम्ही पेट्रोल बघायला झाकण उघडता ना, तेव्हा फुस्स असं वाजतं."

"मग?"

"आणि परत लावून सुरू केली की चालते. थोडा वेळ."

"चालते खरी. पण त्याचं काय?"

"त्या टाकीत हवाच जात नसेल. नुसतं चोखून चोखून ती किती चोखणार?"

शिडी हसला. "म्हणजे मशीनलाही आता बाटलीनेच पाजायचं का?" पण हसता हसताच थांबला. मी गार होईपर्यंत त्याने वाट पाहिली, मग झाकण काढलं. फुस्स! झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे, ते भुसा आणि तेलाने गच्च बुजलं होतं. त्याने मुकाट्याने झाकण ब्रशने धुतलं, पुसलं, उजेडात धरून पाहिलं. स्क्रू दीड फेरा मागे फिरवला. शाळेत फोन करून सांगितलं, "अर्ध्या तासाने येतो."

मग त्याने मला सुरू केलं. जुन्या ओंडक्याचे दहा मिनिटं तुकडे केले आणि खटका सोडला. साखळी जागच्या जागी थांबली. इंजिन फुरफुरत राहिलं. एक मिनिट, दोन, पाच. काय सांगू, मोकळा श्वास म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं! आईने स्वतः वाकून साखळी नीट पाहिली आणि मगच दोरावरून उठली.

मिस्त्रीला ही हकिगत कळली तेव्हा तो कान पकडून म्हणाला, "वहिनी, उद्यापासून तुम्हीच दुकानात बसा."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही फक्त आधी झाकण बघत जा."

आता मी म्हातारी झालेय. माझा रंग उडालाय, मूठ गुळगुळीत झालीय. पण दर रविवारी माझी साफसफाई होते आणि कोरड्या फळीवर माझी जागा ठरलेली आहे. मी सुखात आहे.

एकच सांगणं आहे. तुमच्या शेजारी, नात्यात कोणाकडे माझी एखादी बहीण असेल, तर त्यांना जाऊन सांगा. म्हणावं, मशीन बंद पडली म्हणून तिच्यावर चिडू नका, तिचं काहीतरी अडलंय. बंद पडलेल्या मशीनने आजवर कोणाला जखम केलेली नाही. भ्यायचं ते खटका सोडल्यावरही न थांबणारीला. एवढा निरोप तेवढा पोचवा.