गोलकीचा आवाज

हॉकीचा चेंडू डीमध्ये, गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, शिरला तेव्हा भाग्येशला सगळं स्वच्छ दिसत होतं. पुढे उभ्या असलेल्या हर्षितच्या पाठीमागून समोरच्या संघाचा गडी मोकळा धावत येत होता. "उजवीकडे!" एवढंच ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. चेंडू गोलाच्या फळीवर धाडकन आपटला आणि भाग्येश दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसला.

"गोलकीनं बोलायला नको का?" कर्णधार प्रदीप धावत आला. "हर्षितच्या पाठीला डोळे हायेत?"

भाग्येशने हेल्मेट काढलं, पॅड सोडायला घेतले. डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी बक्कल निघायला वेळ लागला. प्रदीपने मग वाकून दुसऱ्या पॅडचं बक्कल सोडवलं.

बोईसरच्या याच मैदानावर नऊ वर्षं भाग्येशने गोल राखला होता. उमरोळीचा हा गडी आठवडाभर कारखान्यात फिटर आणि रविवारी गोलकी. त्याच्या पुढे बॅकला माकुणसारचा केदार. केदार कधी मागे वळून बघत नसे. भाग्येशच्या आवाजावर खेळायचा. दोघांची नावं राज्याच्या निवड चाचणीसाठी गेली होती. चाचणी जानेवारीत. तोवर सहा महिने बोटीवर नोकरी करून येऊ, ही कल्पना भाग्येशचीच. नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात, ज्या युद्धाशी त्यांचं काही घेणंदेणं नव्हतं, त्यातलं एक क्षेपणास्त्र बोटीवर येऊन पडलं. भाग्येशची दोन बोटं तिथे राहिली. केदार सगळाच राहिला.

आज मैदानावरून भाग्येश थेट माकुणसारला गेला. केदारची आई, माई, ओटीवर सुपात वाल सोलत बसली होती.

"माई, केदार झोपेतच गेला, असं मी सांगितलं व्हतं. ते खोटं हाय."

माईचे हात थांबले.

"इंजिनखान्यात धूर भरला. मी जिन्यावर व्हतो. खाली तो उलट्या बाजूला चालला व्हता. मला दिसत व्हता, माई. एक हाक मारली असती तर वळला असता. माझा आवाजच निघाला नाय."

माईने सूप खाली ठेवलं. "तुझ्या हाकेसाठी थांबला व्हता का तो?"

भाग्येशने मान खाली घातली. "थांबला व्हता. थोडा वेळ."

माई उठली. आत गेली आणि दार ओढून घेतलं. आतून ना भांड्याचा आवाज आला, ना रडण्याचा. भाग्येशला उठून जाववेना.

उन्हं उतरल्यावर केदारचे वडील धर्माजी वाडीतून आले. पाय धुऊन ओटीवर चढत म्हणाले, "कवा आलास? चाय दिली का तिनं?"

"घेतली, काका," भाग्येश म्हणाला, आणि सूप बाजूला सरकवून त्याने त्यांना बसायला जागा करून दिली.