नव्या बिजागऱ्यांचा गंज

व्हर्नाने फाटकाच्या बिजागरीवरून बोट फिरवलं आणि ते मर्लसमोर धरलं. बोट तांबूस झालं होतं.

"हा काल-परवाचा गंज नाही," ती हळूच म्हणाली.

हॅलोविनला, पोरांच्या भुताखेतांच्या सणाला, पाच दिवस उरले होते. ऑर्व्हिल हॅचरने दरवर्षीप्रमाणे घरापुढच्या हिरवळीवर पुठ्ठ्याची थडगी मांडली होती. त्यांच्यापुढे लाकडी फाटक मात्र यंदाच आलं होतं. त्याच्या बिजागऱ्या, कडी आणि साखळी पाहून कोणालाही वाटलं असतं, की हे लोखंड चाळीस पावसाळे उघड्यावर भिजलंय.

मर्ल टेकडीमागच्या कब्रस्तानाची देखरेख करायचा. सप्टेंबरात तिथल्या उत्तरेच्या फाटकाच्या बिजागऱ्या आणि साखळी कोणीतरी काढून नेली होती. चोर सापडला नव्हता. व्हर्ना गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात एकतीस वर्षं काम करत होती. त्याच सुमारास तिने ऑर्व्हिलला स्वतःच्या हाताने कोऱ्या, चकचकीत बिजागऱ्या आणि साखळी विकली होती. मग ते चकचकीत लोखंड गेलं कुठे? शिवाय तेव्हा त्याच्या पिशवीत जखमा धुवायच्या पेरॉक्साइडच्या आठ बाटल्या होत्या; एकट्या माणसाला त्या कशाला लागतात? तिने विचारलं नव्हतं, पण तिची नजर बाटल्यांवर रेंगाळलेली पाहून तो "काम आहे" एवढंच म्हणाला होता. कब्रस्तानातलं जुनं लोखंड त्याने इथे लावलं आणि संशय येऊ नये म्हणून नवं विकत घेतलं, असं तिच्या मनाने घेतलं. चार दिवस ते मनात घोळवून शेवटी तिने मर्लला फोन केला होता.

ऑर्व्हिल पायऱ्या उतरून आला. मर्लने अडखळत चोरीचा विषय काढला, फाटकाकडे पाहिलं आणि पुढचं बोलायचं टाळलं. ऑर्व्हिल समजला. त्याने मर्लकडे नाही, व्हर्नाकडे पाहिलं.

त्याने दोघांना गॅरेजमध्ये नेलं. बादलीत व्हिनेगर होतं. त्यातून त्याने एक बिजागरी काढली. वरचा चकचकीत मुलामा रात्रभरात उतरून ती राखाडी पडली होती, पण शेजारच्या रिकाम्या पाकिटावर व्हर्नाच्याच दुकानाची चिठ्ठी होती. त्याने पेरॉक्साइड, थोडं व्हिनेगर आणि मीठ एकत्र केलेली फवाऱ्याची बाटली उचलली. फवारा पडताच लोखंडावर फेस आला. कडांना पिवळट झाक आली, मग ती नारिंगी होत आत पसरली. पंधरा-वीस मिनिटांत, पुन्हा पुन्हा फवारल्यावर, बिजागरी बाहेरच्या फाटकावरच्यासारखीच म्हातारी झाली.

"चाळीस वर्षं नदीवरच्या पुलाचा गंज खरवडून रंग दिला मी," ऑर्व्हिल म्हणाला. "तो कुठून येतो हे मला नाही कळणार तर कोणाला?"

मर्लला हसू फुटलं. मीठ किती घालायचं, तेही त्याने विचारून घेतलं. व्हर्नाला हसता आलं नाही.

"सांगायचं होतंस ना," ती म्हणाली.

"विचारायचं होतंस. पाचवीपासून ओळखतेस मला."

हॅलोविनच्या संध्याकाळी गावातली सगळी पोरं त्या फाटकाशी येऊन थबकली. व्हर्नाही नातीला घेऊन गेली. ऑर्व्हिलने नातीच्या पिशवीत मूठभर गोळ्या टाकल्या, तिचा चेटकिणीचा वेश छान आहे म्हणाला आणि मागच्या मुलाकडे वळला.

कब्रस्तानातलं लोखंड शेवटपर्यंत सापडलं नाही.

नोव्हेंबरात तो दुकानात आला, चार स्क्रू घ्यायला. व्हर्नाने ते कागदात बांधून दिले आणि थंडीबद्दल काहीतरी बोलली. त्यालाही थंडी वाटत होती, असं तो म्हणाला. पण तो गल्ल्यापाशीच उभा राहिला.

"पावती दे," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने कधी पावती मागितली नव्हती. तिने ती फाडून दिली. ऑर्व्हिलने चष्मा लावून ती वाचली, नीट चौघडी घातली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.