सरळ रेघा

रत्नम्मांनी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली, तेव्हा आत तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला. सकाळपासूनची ही तिसरी आंघोळ होती.

"अहो, झालीय तुमची आंगूळ. दोनदा झालीय."

आत पाणी सांडत राहिलं. मग वीरभद्रप्पांचा आवाज आला, नेहमीसारखाच शांत.

"पूजा न्हाई झाली अजून. बिनआंगुळीची कशी करू?"

"पूजाबी झाली."

तांब्या थांबला.

"तू बगितलीस?"

"बगितली की. माज्यासमोरच बसला व्हता."

दार उघडलं. ओला पंचा गुंडाळून ते बाहेर आले. अंगावरून पाणी निथळत होतं, पण चेहऱ्यावर ना राग होता ना शंका.

"मग झाली असंल. तू म्हणतीस म्हंजे झाली," म्हणाले आणि दोरीवरचा सदरा काढायला वळले.

रत्नम्मांनी आत डोकावून पाहिलं. बादली रिकामी होती. नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं. तोवर सगळा संसार परसातल्या निळ्या पिंपावर. एरवी दोन म्हाताऱ्या माणसांना ते पिंप पुरून उरे. पण दिवसाला तीन-तीन आंघोळी व्हायला लागल्यापासून तिसऱ्याच दिवशी तळ दिसायचा, आणि शेजारच्या सोनमकडे घागर घेऊन जाताना रत्नम्मांचा पाय उचलत नसे. सोनम पोरगी चांगली होती, कधी नाही म्हणाली नाही. पण मागून आणायचं तरी किती?

गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हा वीरभद्रप्पांचा नेम. लहानपणी दीक्षा झाल्यापासून तो त्यांनी मोडला नव्हता. मुलाच्या, विरेशच्या लग्नात वऱ्हाड ताटावर खोळंबलं होतं आणि हे आपले कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले. टायफॉइडच्या तापातसुद्धा दोघांनी धरून आंघोळ घातली तेव्हा पेज घेतली. आता विसरायचा आजार जडला. बोलता बोलता शब्द निसटू लागले, चष्मा फ्रीजमध्ये सापडू लागला, वारलेल्या थोरल्या भावाला फोन लावायची घाई होऊ लागली. नेम मात्र जागच्या जागी. अडचण एवढीच, की नेम आठवे आणि तो पाळल्याचं आठवत नसे.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. वाद घालू नका. वस्तूंच्या जागा बदलू नका. रोजचं काम रोजच्याच वेळेला होऊ द्या. जे आठवत नाही ते डोळ्यांना दिसेल असं काहीतरी करा. रत्नम्मांनी सगळं केलं. चष्म्याला दोरी बांधली, किल्लीसाठी दाराशी खिळा ठोकला, गोळ्यांना कप्प्यांची डबी आणली. पूजेचं मात्र काय करावं ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नसतं. ते रत्नम्मांनाच सुचलं, तिसऱ्या आंघोळीच्या त्याच दुपारी, ताट वाढताना.

त्यांनी दाढीचा आरसा काढला आणि जेवायच्या जागेसमोर भिंतीला लावला.

"पूजा झाली का, असं वाटलं की कपाळ बगायचं," त्या म्हणाल्या. "भस्म हाय म्हंजे पूजा हाय."

वीरभद्रप्पांनी आरशात पाहिलं. कपाळावर भस्माच्या तीन आडव्या रेघा होत्या, थोड्या कापऱ्या, उजवीकडे खाली उतरलेल्या. ते बराच वेळ बघत राहिले.

"हाय की," म्हणाले, आणि भाकरी मोडली.

त्या दिवशी चौथी आंघोळ झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून एकच. पिंप पुन्हा पाचव्या दिवसापर्यंत पुरू लागलं. रत्नम्मांनी पुण्याला विरेशला फोन करून सांगितलं तेव्हा आवाजात नाही म्हटलं तरी ऐट होतीच.

"अव्वा, तू तर डॉक्टरच्या वरताण निघालीस," तो म्हणाला.

पण सोलापूरचा एप्रिल कुणाची ऐट ठेवत नाही. उन्हं तापली, पत्र्याखालची खोली भट्टी झाली. घाम आला की वीरभद्रप्पा खांद्यावरच्या टॉवेलने कपाळ पुसत. दुकान चालवत तेव्हापासूनची सवय. टॉवेलला भस्म लागे, आरशात कपाळ कोरं दिसे, आणि माणूस उठून न्हाणीघराकडे निघे.

मग एका दुपारी ते डुलकी घेत असताना रत्नम्मा भस्माची वडी घेऊन उशाशी बसल्या. तीन बोटं टेकवून, हलक्या हाताने, एका दमात तीन रेघा ओढल्या. सरळ आणि एकसारख्या ओढल्या, कारण वीरभद्रप्पांना वाकडं काही खपत नसे. शुक्रवार पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि विकलेल्या भांड्यावर गिऱ्हाइकाचं नाव ते स्वतः घालून देत. बाकीच्यांनी मशीन आणलं तरी ह्यांच्या हातात छिन्नी आणि छोटी हातोडी. ओळ जराशी जरी कलली, तर ते भांडं बाजूला ठेवून गिऱ्हाइकाला नवं देत. असल्या कललेल्या ओळींच्या भांड्यांनीच रत्नम्मांची मांडणी भरली होती. कुठल्या तरी शेवंताबाईच्या नावाच्या पातेल्यात त्यांनी आयुष्यभर आमटी केली.

पूजा खरंच झालेली होती, पुसलेलं फक्त परत लावलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. यात खोटं ते काय?

खोट्याला मात्र आत यायला नुसती फट पुरते. तीही मिळाली. मोठी पाइपलाइन कुठेतरी फुटली आणि पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. सहाव्याही दिवशी नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. संध्याकाळी सोनमने तिच्याकडची पिण्याची घागर आणून ठेवली. "जपून वापरा हां काकू, आमच्याकडंबी एवढंच हाय," म्हणाली. रत्नम्मा तिला सोडायला दारापर्यंत गेल्या. परत येऊन बघतात तर वीरभद्रप्पा परसात उभे, आणि ती घागर डोक्यावर उपडी.

रत्नम्मांनी रिकामी घागर त्यांच्या हातून घेतली. बोलून कुणाला सांगायचं?

रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. घरात प्यायला एक कळशी उरली होती, आणि सकाळी हे उठणार ते आंघोळीलाच उठणार. हातपाय धुऊन पूजेला बसा म्हटलं तर ऐकणारा हा माणूस नव्हे. उजाडलं तशा त्या उठल्या. वीरभद्रप्पा उताणे झोपले होते, तोंड थोडं उघडं. रत्नम्मांनी भस्माची वडी हातात घेतली. आजवर त्या पुसलेलं परत लावत होत्या. आज पूजाच झालेली नव्हती.

त्यांनी तीन रेघा ओढल्या. सरळ, एका दमात.

वीरभद्रप्पा उठले. न्हाणीघराकडे निघाले. वाटेत आरसा होता. थांबले. पाहिलं. रत्नम्मा चुलीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"पूजा झाली का माजी?"

"कपाळ बगा की," त्या न वळता म्हणाल्या.

मग पाट सरकल्याचा आवाज आला. त्यांनी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दही वाढलं. वीरभद्रप्पांनी ताटाला हात जोडले आणि जेवायला लागले.

आणि रत्नम्मांना भडभडून आलं. अख्ख्या जन्माचा नेम एका सकाळी मोडला, आणि ज्याचा मोडला त्याला पत्ताही नाही. मोडणारी कोण, तर जिच्या शब्दावर त्या माणसाचं सगळं जग आता टेकलेलं होतं. किल्ली कुठे आहे, भाऊ आहे की गेला, आज वार कोणता, हे सगळं ते तिला विचारत आणि ती सांगेल ते मानत. एकदा का त्यांना हे कळलं, तर उद्या गोळी दिली तरी घेतील का? हे तुमचंच घर आहे, असं सांगितलं तर पटेल का?

दिवसभर त्या एका जागी बसल्या नाहीत. घासलेली भांडी पुन्हा पुसली. दारात जाऊन आल्या, नळाला कान लावून आल्या. लहानपणी आई म्हणायची, खोट्याच्या कपाळी गोटा. ते वाक्य डोक्यातून हलेना. दुपारी विरेशचा फोन आला, तेव्हा राहवलं नाही म्हणून त्यांनी सांगून टाकलं.

"एवढंच ना? देव समजून घेतो अव्वा," तो हसत म्हणाला. "तू जेवलीस का?"

"जेवले," त्या म्हणाल्या. हे दिवसातलं दुसरं खोटं. नेम त्यांचाही होता. त्यांच्याही गळ्यात लिंग होतं, आणि आज पाण्याअभावी त्यांचीही पूजा झाली नव्हती. नवऱ्याच्या कपाळाला भस्म लावताना धजलेला हात स्वतःच्या कपाळाकडे वळला नव्हता.

उन्हं कलली. वीरभद्रप्पा आरशासमोर पाटावर बसून होते, सकाळी जेवले त्याच जागी. आज टॉवेल त्यांनी कपाळाला लावलाच नव्हता. बाहेरून आलेल्या रत्नम्मांना त्यांनी हाक मारली.

"हिकडं ये. बस जरा."

त्या बसल्या.

"तू जेवली न्हाईस."

"भूक न्हाई."

"कपाळ कोरं हाय तुजं."

रत्नम्मांचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"मला लावलंस," वीरभद्रप्पा म्हणाले, "आन सोताला न्हाई लावलंस?"

रत्नम्मांना वाटलं, आता जमीन दुभंगावी.

"कसं कळलं तुमाला?"

वीरभद्रप्पांनी आरशाकडे हनुवटी केली, मग स्वतःचा उजवा हात समोर धरला. तो रिकाम्या हवेत थरथरत होता.

"रेघा सरळ हायत. ह्या हातानं आता सरळ कुटं येतंय?"

"सकाळीच कळलं व्हतं?"

"आरशात बगितलं तवाच."

"मग जेवलात कशाला?" रत्नम्मांचा आवाज चढला. दिवसभराची तगमग एकदम त्या प्रश्नात आली. "उठायचं व्हतं. ओरडायचं व्हतं माज्यावर!"

वीरभद्रप्पा विचार करू लागले. इतका वेळ, की प्रश्नच निसटला की काय असं रत्नम्मांना वाटलं.

"तू वाढलं व्हतंस," ते म्हणाले.

गल्लीत कुठेतरी मोटर सुरू झाली, मग दुसरी, आणि भिंतीपलीकडून सोनमची हाक आली.

"काकू, पानी आलं! लवकर भरा!"

रत्नम्मा उठल्या. नळाने आधी हवा सोडली, मग गढूळ, मग स्वच्छ धार. त्यांनी पिंपाला पाइप लावण्याआधी न्हाणीघरातली बादली भरून घेतली. हात भरभर चालत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. दोन्ही हात गुंतलेले होते.

आत आल्या तेव्हा वीरभद्रप्पा आरशासमोर उभे होते. मघाचं बोलणं चेहऱ्यावर कुठेच उरलेलं नव्हतं. कपाळाकडे बोट नेऊन ते घुटमळत होते.

"रत्ना, पूजा झाली का माजी?"

"व्हय" जिभेच्या टोकावरच होतं, सवयीने. रत्नम्मांनी पदराचं ओलं टोक घेतलं, पुढे होऊन त्यांच्या कपाळावरच्या तिन्ही रेघा पुसून काढल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ऱ्हायलीय. माजीबी ऱ्हायलीय."

"मग पाणी काढ की."

"काढलंय."

ते आंघोळ करून आले. मागोमाग रत्नम्माही न्हाऊन आल्या. दोघं शेजारी शेजारी बसले. वीरभद्रप्पांनी भस्म घेतलं, बोटं कपाळाला टेकवली आणि दम धरून ओढली. पूजा संपायला दिवेलागण झाली. लिंग गळ्यात परत गेल्यावर ते आरशाकडे वळले.

रेघा कापऱ्या आल्या होत्या. उजवीकडे पार भुवईपर्यंत उतरल्या होत्या.

"वाकड्या आल्या गं."

"असू द्या," रत्नम्मा म्हणाल्या, आणि दोन ताटं मांडली.