मलेशियाचं लाकूड

"आबा, काचेला हात नका लावू हं!" सून तेजस्विनी स्वयंपाकघरातून ओरडली, पण सावळीरामनं काचेला नाही, आतल्या लाकडाला हात लावला होता.

माशांसाठीची सहा फुटांची ती काचेची पेटी हॉलची अख्खी भिंत खाऊन बसली होती. अजून पाणी नाही, मासे नाहीत. काळी माती, दगड आणि मधोमध वर बोटं पसरलेलं एक वाळकं खोड. पेटी सजवायला आलेला रुद्र त्या बोटांवर दोऱ्यानं हिरवं शेवाळ बांधत होता. मोतीबिंदू काढल्यापासून म्हाताऱ्याला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि तेव्हापासूनच त्याला चैन नव्हती.

"हे खोड कुठलं रे?" सकाळीच त्यानं मुलाला, हर्षलला विचारलं होतं.

"मलेशियाचं आहे, आबा. बाहेरून मागवतात." हर्षल बुटाची नाडी बांधत म्हणाला. रुद्रनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

पंखा जोरात लावला की बिलाची आठवण करून देणारा हा हर्षल! आणि आता एकाएकी दिवे काय, फिल्टर काय, झाडांना गॅस सोडायचं नळकांडं काय! गावी, चांदवडला परत जायचं नाव काढलं की म्हणे डोळ्यात धूळ जाईल. गावाकडचा थोरला नवनाथ बापाचा फोन उचलत नव्हता, हर्षलशी मात्र रोज बोलत होता. तेही हर्षलनं गॅलरीचं दार लोटून घेतल्यावर. एरवी या भावांचं एकमेकांशी धड पटायचंही नाही.

हायवेलगतचं रान सावळीरामनं मागच्या साली दोघांच्या नावे करून दिलं होतं. एकच शब्द घेतला होता, मी हाय तोवर विकायचं नाय. बांधावरची बाभूळ केव्हाच वाळली होती, तरी हद्दीची खूण म्हणून तिचं खोड त्यानं कुणाला काढू दिलं नव्हतं.

"मासे कधी सोडणार?" त्यानं उगाच विचारलं.

"वेळ आहे, आजोबा. आधी झाडं रुजू द्यायची." रुद्र दोरा तोडत म्हणाला. "आणि आत लोखंड राहता कामा नये. गंज सुटतो." मग आपल्याच कामावर खूश होऊन त्यानं खोडावर थाप मारली. "झाड वाटतं की नाही? उलटं लावलंय. ही वरची सगळी मुळं आहेत."

"उलटं?"

रुद्र नळकांडं आणायला खाली गेला. सावळीरामनं मान तिरकी केली, आणखी तिरकी केली, मग सरळ कमरेत वाकला. छे, सगळी खोडं सारखीच, त्यानं स्वतःला बजावलं. पण हात ऐकेना. बाही वर सारून त्यानं खोडाच्या बुडाशी माती उकरली.

बयाबाई, त्याची बायको, भाकरीचं फडकं टांगायची तो खिळा बांधावरच्या बाभळीत त्यानंच ठोकला होता. बैलाच्या खुराला मारतात त्या पत्रीचा, तिच्या बसल्या हाताला येईल असा. ती गेली, बैल गेले, खिळा तिथंच होता.

बोटाला टोचलं.

मग रुद्रची पक्कड घेऊन त्यानं खिळा हलवून हलवून उपटला आणि माती होती तशी सारखी केली.

संध्याकाळी हर्षल आला तोच हसत. "बघा आबा, कसं जंगल दिसतंय! आता तुम्ही इथंच राहायचं, मासे बघत."

रुद्रनं पाण्याचा पाइप उचलला.

"थांब रे बाबा," सावळीराम म्हणाला. त्यानं मूठ उघडून हर्षलपुढं धरली. "लाकडात राहिला होता. मासे मेले असते बिचारे."

हर्षलचं हसू ओठावरच राहिलं. लहानपणी शेतात भूक लागली की ह्याच खिळ्याकडे धावायचा तो. त्यानं हात पुढं केला नाही. तेजस्विनी दारातून आत निघून गेली.

"आबा, मी... नवनाथदादा म्हणाला की..."

"मलेशियातबी बैलाला पत्र्या मारत्यात वाटतं," सावळीराम म्हणाला. खिळा त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकला आणि रुद्रकडे वळला. "भर बाबा पाणी. आता काय नाय आत."