मौनाच्या तासाला हलणारं पाणी

चार वाजून वीस मिनिटं झाली आणि पेल्यातलं पाणी पुन्हा हललं.

अभ्यासिकेतल्या टेबलाशी बसलेल्या राजकन्याबाईने श्वास रोखला. टेबलाला तिचा हात लागलेला नव्हता. जानेवारी महिना, त्यामुळे पंखे बंद. तरीही पाण्यावर बारीक गोल लाटा उठत होत्या, काठाकडून मध्याकडे सरकत होत्या आणि पुन्हा उठत होत्या. आज सलग चौथा दिवस. वेळही तीच, मौनाचा तास सुरू होऊन वीस मिनिटं झाली की पाणी जागं व्हायचं.

लातुरातल्या एका मोठ्या क्लासच्या मुलींच्या अभ्यासिकेवर राजकन्या देखरेख करायची. तिसरा मजला, अठ्ठेचाळीस मुली, वैद्यकीय प्रवेशपरीक्षा चार महिन्यांवर. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीजवळचं तिचं गाव गेलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून तिच्या घरात उशाशी पाण्याचा भरलेला पेला असे. छातीत धस्स झालं की आधी पाण्याकडे बघायचं. पाणी स्थिर असेल तर आपण भ्यालोय. पाणी हलत असेल तर जमीन हलतेय. एकोणीस वर्षांत पाण्याने तिला एकदाही फसवलं नव्हतं.

कालच तिने क्लासचे मालक शिवमूर्ती सरांच्या कानावर घातलं होतं. सर हसले होते.

"राजकन्याबाई, खाली माझ्या टेबलावरचा चहा का नाही हलला मग? तुम्हांला टेम्पो गेला तरी भूकंप वाटतो. ते राहू द्या. ती देवणीची पोरगी बसायला लागली का एका जागी?"

"बसतेय सर. तीन दिवस झाले, एकदम गप हाय."

"बघा! शिस्त लावली की लागते."

देवणीची पोरगी म्हणजे मालविका. डोकं तल्लख, पण अंगात जणू पारा भरलेला. पाय हलवायची, पेन पाडायची, मध्येच उठून खिडकीशी जायची. मौनाच्या तासाला हललेल्या मुलीचं नाव फळ्यावर लागे. तिसऱ्यांदा लागलं की घरी रवानगी. मालविकाचं दोनदा लागलं होतं. मागच्या आठवड्यात राजकन्या वैतागून म्हणाली होती, "आता हललीस तर सर तुला देवणीला धाडतील बघ. पाहिजे तर पाय बांधून ठेव, पण हलू नको!" मुली फिदीफिदी हसल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मालविका दगडासारखी बसू लागली. मान ताठ, नजर एकाच ओळीवर. तासभर तिचं पानही उलटत नसे. ते राजकन्येने पाहिलं होतं, आणि तिला बरंच वाटलं होतं.

आज मात्र पाणी काठावरून सांडलं. टेबलावरची कंपासपेटी आपोआप किणकिणू लागली.

"पळा! खाली पळा पोरींनो!"

लातुरात हा शब्द दुसऱ्यांदा उच्चारावा लागत नाही. पाच मिनिटांत सगळ्या रस्त्यावर होत्या. पण तिथे भलतंच दृश्य! रिक्षा धावत होत्या, टपरीवर चहा उकळत होता, दुसरं कुणीही बाहेर आलेलं नव्हतं. जमीन मुकाट पडली होती.

"मॅडमचा भूकंप वरच्या वर झाला वाटतं," कुणीतरी कुजबुजलं.

राजकन्येने मोजणी केली. सत्तेचाळीस. पुन्हा मोजलं. सत्तेचाळीसच.

"मालविका कुठाय?"

"ती उठलीच न्हाई मॅडम. हाका मारल्या, नुसती बघत बसली."

राजकन्येने वर पाहिलं. हलणाऱ्या घरात परत जायचं नाही, हे चुलत्याने त्या पहाटे तिला ओरडून सांगितलं होतं, आणि ती कधीच गेली नव्हती. पण वर एक मुलगी होती. भिंतीला हात लावत, एकेक पायरी मोजत ती चढली.

अभ्यासिका रिकामी होती आणि थरथरत होती. पहिल्या रांगेचा लोखंडी सांगाडा हलक्या आवाजात गुणगुणत होता. उघड्या वह्यांची पानं शहारत होती. सहाव्या जागेवर मालविका ताठ बसलेली. तिने मान वळवली नाही.

"ए बाई, ऊठ की!"

"उठता येईना मॅडम."

राजकन्या खाली वाकली. मालविकाचे दोन्ही घोटे ओढणीने सांगाड्याच्या पायाला करकचून बांधलेले होते. पावलं काळीनिळी पडली होती. गुडघ्यांच्या वर ती दगड होती. खाली मात्र पाय सुटण्यासाठी एका लयीत झटके देत होते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिलं की तो उंच जातो, तसाच प्रत्येक झटका आधीच्यात मिसळत होता. रांगेतली आठही बाकं एका सांगाड्याला जोडलेली, आणि रांगेच्या टोकाला राजकन्येचं टेबलही त्यालाच. शेजारच्या मुलींना ती थरथर जाणवली असणारच, पण मौनाच्या तासाला तोंड उघडणार कोण?

नखं तुटेपर्यंत तिने गाठ ओढली. गाठ सुटली आणि त्याच क्षणी गुणगुण थांबली. अरे देवा! चार दिवस ती जमिनीला भीत होती, आणि हलत होती ती स्थिर बसू पाहणारी सतरा वर्षांची पोर!

"कुणी बांधलं गं?"

"मीच. तुम्ही म्हणाला होता ना?"

त्या आवाजात तक्रार नव्हती. राजकन्येला तेच सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मालविकाचे वडील देविदास आणि नांदेडची आत्या गोदावरी क्लासच्या कार्यालयात आले. सरांनी नाव कमी करण्याचा अर्ज तयारच ठेवला होता.

"तिला एडीएचडी आहे, लक्ष आणि अंग एका जागी ठरत नाही असा मेंदूचा त्रास," देविदास खाली मान घालून म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं. अर्जात लिहिलं असतं तर पोरीला घेतलं असतं का सर तुम्ही?"

सरांनी अर्ज पुढे सरकवला. राजकन्या म्हणाली, "पण ताई, मनावर घेतलं की माणूस बसतंच की."

गोदावरीताई अशाच मुलामाणसांना मार्गदर्शन करायच्या, कोच म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पाण्याचा पेला ठेवता, मालविकाने सांगितलं. मनावर घ्या आणि उद्यापासून ठेवू नका."

राजकन्येने नकारार्थी मान हलवली.

"तुमचं आणि हिचं दुखणं एक नाही," ताई पुढे म्हणाल्या, "पण हुकूम देऊन दोन्ही जात नाहीत. मला स्वतःलाही एडीएचडी आहे. औषधाचं डॉक्टर बघतात, मी दिवसाचं बघते. कामाचे तुकडे कसे पाडायचे, घड्याळ कुठे ठेवायचं, कधी उठायचं, हे तिच्याशेजारी बसून शोधते. मागे एक उंच टेबल द्या. वीस मिनिटं लिहील, पाच मिनिटं चालेल. चालतानाच तिचं डोकं जागेवर येतं!"

"एकीला सूट दिली तर सगळ्या उठतील," सर म्हणाले.

"सर, वर चला," राजकन्या म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

अभ्यासिकेत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. काल हीच शांतता तिला आवडली असती. आज अंगावर काटा आला.

"पोरींनो, न हलता बसायला जी आपल्या जिवाला काही करून घेते, तिने हात वर करायचा. नाव फळ्यावर लागणार नाही."

कुणी हललं नाही. मग कोपऱ्यातून एक हात वर आला. बोटाला रबर आवळलेलं, टोक जांभळं. मग दुसरा, त्याच्या मनगटावर दातांचे व्रण होते. मग तिसरा, चौथा. एकामागून एक, आवाज न करता, अकरा हात वर आले. सगळ्यांनाच एडीएचडी होतं असं नव्हे. पण भीती सगळ्यांना होती.

शिवमूर्ती सरांनी ते हात एकेक करून मोजले. मग त्यांनी स्वतः डस्टर उचललं आणि फळा पुसला. खाली येऊन अर्जही फाडला.

"राजकन्याबाई," ते हळूच म्हणाले, "माझी चूक झाली."

"माझी आधी झाली सर."

वाचकहो, स्थिर शरीर म्हणजे एकाग्र मन, ही आपली समजूत चुकीची आहे. प्रत्येक मेंदूची काम करण्याची रीत वेगळी असते. ती शोधायला मदत करणं म्हणजे शिकवणं, आणि ती दाबून टाकणं म्हणजे निव्वळ छळ. आपल्या घरात, वर्गात, कचेरीत एखादं चंचल माणूस अचानक फार गप्प झालं, तर त्याला शाबासकी देण्याआधी एकदा टेबलाखाली वाकून बघा.