माझा भाडेपट्टा आणि शेटजींचा चौघडिया

मित्रांनो, मी जळगावातल्या एका तीन मजली इमारतीतला जुना फ्लॅट आहे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पश्चिमेला तोंड करून बसलेली गॅलरी, एवढाच माझा पसारा. उन्हाळ्यात ही गॅलरी इतकी तापते की कबुतरेसुद्धा तिच्याकडे फिरकत नाहीत. पण माझ्यात हवा खेळती राहते, असे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो आणि ते ऐकायला मला अजूनही आवडते.

मी जन्मलो तोच मुदत घेऊन. ज्या जमिनीवर मी उभा आहे ती धुळ्याच्या निंबा आबांची. त्यांनी जमीन विकली नाही, भाडेपट्ट्याने दिली. म्हणजे तीस वर्षे मी राहणाऱ्याचा, आणि मुदत संपायच्या आत पट्टा वाढवला नाही तर पुन्हा आबांचा. लहानपणी मला याची काळजी नव्हती. तीस वर्षे म्हणजे खूप, असे मलाही वाटायचे.

माझ्यात राहायला आले नेमीचंदशेठ आणि राजकुंवरबाई. शेटजींचे कापडाचे दुकान होते. बाईंनी माझ्या स्वयंपाकघराला माया लावली. गच्चीवर पापड वाळत घालायचे, दिवस मावळायच्या आत सगळ्यांना जेवू घालायचे, मग ओटा लख्ख पुसायचा, हा त्यांचा नेम. त्यांचा जिनेश माझ्याच फरशीवर रांगला, माझ्याच भिंतीवर त्याने पेन्सिलीने उंट काढले. बाई त्याला रागावल्या, पण रंग देताना तेवढी भिंत त्यांनी सोडायला लावली.

पुढे जिनेश नोकरीला पुण्याला गेला. दुकान बंद झाले. कूलरच्या पाण्याने माझी एक भिंत ओलावली, गॅलरीचे प्लास्टर सुटले. "मुदत संपतेच आहे, आता कशाला खर्च करायचा?" असे शेटजी म्हणायचे. जिनेश फोनवर आग्रह करायचा, "सोडा तो फ्लॅट, इकडे या." बाई म्हणायच्या, "तुम्ही म्हणाल तसं." मला तेव्हा फार वाईट वाटायचे. बाईंच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होते, पण मला विचारतो कोण?

शेवटी परक्या गावात आपले मन रमणार नाही म्हणून पट्टा वाढवायचे शेटजींनीच ठरवले. आबाही कबूल झाले. आबांच्या मुलांना मात्र मी परत हवा होतो, क्लासवाल्यांना द्यायला. "पट्ट्यातल्या तारखेपर्यंत माझा शब्द, नंतर पोरं ऐकायची नाहीत," असे आबांनी आधीच सांगून ठेवले होते.

आता शेटजींची एक खोड सांगतो. चौघडिया पाहिल्याशिवाय ते दुकानाचे कुलूपही उघडत नसत. चौघडिया म्हणजे दिवसाचे शुभ-अशुभ तुकडे; त्यांतला 'शुभ' चांगला, 'रोग' आणि 'उद्वेग' वाईट. पट्ट्यासाठी त्यांना दिवस काही पसंत पडेना. कधी अमावास्या आडवी यायची, कधी पंचक. असे करता करता मुदतीचा शेवटचा दिवस उरला, सोमवार. सकाळी शुभ चौघडिया होता, त्यातच घराबाहेर पडायचे ठरले. पण धुळ्याची बस हायवेवर अडकली आणि आबा घामाघूम होऊन दारात उभे राहिले तेव्हा शुभ सरला होता.

"शेटजी, बठ्ठा कागद तयार शेतस. चाला, नोंदणी कचेरीमा बारा वाजता आपला नंबर शे," आबा म्हणाले.

शेटजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "आबा, आता रोग लागलाय. त्याच्यामागे उद्वेग. दीड वाजता निघू."

"दीडले? साहेब आपलासाठे थांबतीन का?"

"अशा वेळी सही केली तर घराला लाभत नाही, आबा."

आबांचा चेहरा उतरला. म्हातारा माणूस, पहाटे उठून आलेला. "मनी येवानी येळच वाईट शे का मंग? मी जास," म्हणत त्यांनी पिशवी उचलली आणि ते जिना उतरू लागले.

तेवढ्यात राजकुंवरबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला बाट्यांचे पीठ तसेच होते.

"अहो, मला पुण्याला नाही जायचं," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हतं जायचं. मला इथंच राहायचंय. आबांना थांबवा."

इतक्या वर्षांत बाईंनी स्वतःसाठी काही मागितलेले मीही ऐकले नव्हते. मग शेटजी उठले आणि चप्पल न घालता जिना उतरले. जिन्यातला आवाज मला नीट ऐकू येतो.

"आबा, चुकलं माझं. चला, आत्ताच जाऊ."

"आनि तुमना रोग?"

"राहू द्या त्याला घरी!"

दोघेही मोठ्याने हसले. बारा वाजता सह्या झाल्या, नोंद झाली. दुपारी आबा माझ्याच फरशीवर मांडी घालून दाल-बाटी जेवले आणि निघताना बाईंना म्हणाले, "आते बिनघोर राहा, अक्का."

त्या रात्री जिनेशने फोनवर विचारले, "बाबा, या वयात आणखी तीस वर्षांचा पट्टा? कुणासाठी?"

शेटजी म्हणाले, "तुझ्या आईला उद्या सकाळचा चहा याच ओट्यावर करायचाय. मी तिला इतकी वर्षं विचारलंच नव्हतं रे."

मित्रांनो, माझी ओल आता काढायला घेतली आहे, प्लास्टरही होईल. घराची डागडुजी तुम्हीही वेळच्या वेळी करा. पण त्याआधी घरातल्या एखाद्या गप्प माणसाजवळ जाऊन बसा आणि त्याला कुठे राहायचे आहे, ते विचारा. आम्हा भिंतींना ते ठाऊक असते, पण सांगता येत नाही.